मसऊद आणि बंदुकीचा बार

सफियाच्या हातातली बंदूक फुटली तेव्हा तामूचा घोडा तिच्या घोड्याला अगदी खेटून दौडत होता. मागल्या वर्षीच्या जत्रेतली ही गोष्ट. बाया एका रांगेत चौखूर आल्या, मैदानाचं टोक जवळ येताच रिकिबीत उभ्या राहिल्या, लल्ला खद्दूजने आरोळी दिली आणि सगळ्यांनी एकदम चाप ओढला. या ठासणीच्या बंदुकांत गोळी नसते, नुसती दारू ठासायची आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. पण सफियाने घाईगर्दीत दोनदा ठासली होती. नळी फाटली आणि तिची दोन बोटं गेली. तामूला साधं खरचटलंही नाही. तिच्या घोड्याच्या, मसऊदच्या मानेवर मात्र ठिणग्या पडल्या आणि वीतभर कातडी भाजून निघाली.

थंडीच्या पावसात मसऊदची जखम भरली. त्या जागेवर पांढरे केस उगवले, पण घोडा मुळातच करडा, त्यामुळे ठाऊक असल्याशिवाय ते कुणाच्या नजरेत भरत नसत. सफियाने बोटांविना भाकरी थापायची सवय केली आणि घोडा विकून टाकला. बाकीच्या बायांनी वसंत लागताच पुन्हा सराव सुरू केला. अल-जदीदा शहरापासून आतल्या बाजूला, बीट आणि मक्याच्या शेतांमधलं हे गाव. तिथे बायांची दौडीची तुकडी उभी राहिली तेव्हा पुरुष पारावर बसून हसले होते. आता तेच पुरुष सरावाला चहाच्या किटल्या घेऊन येत आणि कुणाची मांड सैल, कुणाची पक्की यावर वाद घालत.

पहिल्याच सरावाला मसऊद बिघडला. रांगेतून सुरेख दौडला, आणि टोकाला येताच पुढचे दोन्ही पाय उचलून उभा राहिला. शेजारच्या घोडीने अंग चोरलं, रांग फुटली, आणि बंदुका वाजल्या त्या भाजलेल्या फुटाण्यांसारख्या, एकामागून एक. दौडीत सगळी अब्रू त्या आवाजाची असते. सगळ्या बंदुकांचा मिळून एकच बार ऐकू यायला हवा. दोन ऐकू आले तर लोक हसतात, आणि फुटाणे ऐकू आले तर लोक उठून सरबत प्यायला जातात.

लल्ला खद्दूज ही तुकडीची म्होरकी. पन्नाशी उलटलेली, स्वतःचा मळा स्वतः नांगरणारी बाई. नावाआधी मानाचं 'लल्ला' लावल्याशिवाय तिला कुणी हाक मारत नसे. ती बोलायची कमी. सराव संपल्यावर ती तामूजवळ आली आणि मसऊदच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "जत्रा कापणीनंतर आहे. तोवर याला नीट कर. नाहीच झाला तर दुसरा घोडा बघावा लागेल."

तामूकडे दुसरा घोडा नव्हता. दुसरा घोडा म्हणजे दुसरी बाई, हे तिला न सांगता कळलं.

तामू सकाळी गावच्या दूध केंद्रावर दूध मापून घ्यायची आणि दुपारनंतरचा सगळा वेळ घोड्याचा. लग्न केलं नव्हतं, का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मसऊद हो म्हणेल असा मिळाला नाही." आई गेल्यापासून घरात ती आणि तिचा बाप अल्लाल, दोघंच. अल्लाल जन्मभर पुरुषांच्या तुकडीत दौडलेला. घोड्याला काय झालंय हे त्याने ऐकलं, मिशी चोळली आणि निकाल दिला.

"दारूचं भय दारूनंच जातं, पोरी. जवळ बांध आणि दे बार. शंभरदा घाबरेल आणि मग कंटाळेल."

त्याने आपला टोपीचा लांब तपकिरी जेलाबा अंगात चढवला, मसऊदला अंजिराच्या झाडाला बांधलं, आणि दहा पावलांवरून बार काढला. मसऊद थरथरला. दुसऱ्या बाराला त्याने मान अशी झटकली की दावं तुटलं, आणि तो निवडुंगाच्या कुंपणातून आरपार गेला. तामू दोन दिवस त्याच्या छातीतले काटे काढत होती. अल्लालने हार मानली नाही. तो रोज बंदूक घेऊन यायचा, आणि घोडा कंटाळायच्या ऐवजी रोज थोडा आधी घाबरायला लागला. आधी बाराला, मग बंदूक दिसली की, मग नुसता अल्लाल दाराशी दिसला की. एका सकाळी तामूने जेलाबा धुऊन दोरीवर टाकला, तर त्या रिकाम्या, निथळणाऱ्या जेलाब्याला बघून मसऊद तबेल्याच्या भिंतीला चिकटून उभा राहिला.

"याचं झब्ब्यानं काय घोडं मारलंय?" गडग्यापलीकडून कुणीतरी विचारलं.

ती नजात होती. शेजारच्या घरची, तामूची शाळेतली एका बाकावरची मैत्रीण. तामूने शाळा मध्येच सोडली. नजात शिकत गेली आणि आता अल-जदीदाच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत होती. दर आठवड्याला आईकडे यायची. घोड्यांना ती जन्माची भ्यायची. लहानपणी एका शिंगराने तिचा खांदा चावला होता, तेव्हापासून गडग्याच्या अलीकडे तिने पाऊल टाकलं नव्हतं.

"झब्ब्यानं नाही, झब्ब्यातल्या माणसानं," तामू म्हणाली, आणि सगळी हकिगत सांगितली.

नजात गडग्यावर कोपरं टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "अल्लालकाका त्याला शिकवतायत खरं. फक्त जे शिकवायचं त्याच्या उलटं. बार म्हणजे पोळणं, हे तो जत्रेत शिकला. बाराच्या आधी बंदूक दिसते, बंदुकीच्या आधी झब्बा दिसतो. आता त्याच्या हिशेबी झब्बा म्हणजेच पोळणं."

"एवढी अक्कल आहे त्याला?"

"अक्कल लागतच नाही याला. तुला लिंबू दाखवलं की तोंडाला पाणी सुटतं, ते काय तू विचार करून सोडतेस? शिकताना जे दोन एकामागून एक येतं, ते मनात एकमेकांना बांधलं जातं. आमच्याकडे त्याला अभिसंधान म्हणतात."

"शब्द इतका जड, की घोडा खालीच बसेल."

नजात हसली. "शब्द राहू दे. त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"खजूर. खजुरासाठी तो निकाहसुद्धा करेल."

"मग बाराला खजूर बांधायचा. पण लांबून, अगदी लांबून. त्याला ऐकू येईल, पण तो घाबरणार नाही, इतक्या लांबून बार. आणि बार झाला रे झाला की खजूर तोंडात."

"मी तर देतेच की. सरावाच्या आधी मूठभर देते, शांत व्हावा म्हणून."

"आधी?" नजातने कपाळाला हात लावला. "अगं बाई, मग त्याला वाटणार खजूर आला, आता बार येणार. थोड्या दिवसांनी तो खजुरालासुद्धा घाबरेल. आधी बार, मग खजूर. उलटं नाही."

अल्लालला हे पटवणं घोड्याला पटवण्याहून अवघड गेलं. "घोड्याला जावयासारखं खजूर चारायचे?" तो म्हणाला. "उद्या म्हणशील सुरमा घाला." पण लेकीची जागा जातेय हे त्यालाही दिसत होतं. तो पुटपुटत बंदूक घेऊन निघाला आणि बीटाच्या शेतापलीकडे, जिथे कालव्याचा बांध आहे, तिथे जाऊन उभा राहिला. तामूने डोक्यावरचा रुमाल हलवला. लांबवर पुफ्फ् असा आवाज झाला. मसऊदचे कान ताठ झाले. कान खाली यायच्या आत तामूने खजूर पुढे केला.

असं रोज दुपारी चालायचं. मसऊद जराही बिचकला नाही की अल्लाल एक सरी अलीकडे यायचा. बिचकला की दोन सऱ्या मागे. हा नियम नजातने घालून दिला होता, आणि अल्लाल तो मोडायला बघायचा. "आज चांगला आहे, येऊ का चार सऱ्या?" तो शेतातून ओरडायचा, आणि सुट्टीला आलेली नजात गडग्यावरून, "काका, जिथे आहात तिथेच," म्हणायची. गावातले लोक येता-जाता विचारायचे, अल्लाल बीटावर बंदूक का चालवतोय. तो म्हणायचा, "शिक्षण घेतोय, म्हातारपणी."

मक्याला कणसं धरली तोवर अल्लाल अंजिराच्या झाडापर्यंत येऊन पोचला होता. आता बार झाला की मसऊद बाराकडे बघायचाच नाही; सरळ मान वळवून तामूच्या खिशात तोंड घालायचा. एकदा तिला खजूर काढायला जरा उशीर झाला, तर त्याने ओठांनी खिसाच फाडला. तपकिरी जेलाबा दिसला की तो आता खिंकाळत पुढे यायचा. अल्लालने त्याच्या कपाळावर थाप मारली आणि म्हणाला, "बेइमान. खाऊ देते ती, आणि प्रेम माझ्यावर." पण आवाजात सुख होतं.

तामूने लल्ला खद्दूजला निरोप धाडला, घोडा बरा झाला.

सरावाच्या दिवशी सगळा गाव बघायला आला. बाया रांगेत उभ्या राहिल्या. मसऊद मोतद्दाराने लगाम धरल्यासारखा स्थिर उभा होता. रांग सुटली, टापांखाली माती उडाली, तामू रिकिबीत उभी राहिली, बंदूक उचलली, आणि बार व्हायच्या आधी, नक्की आधी, मसऊद मागच्या पायांवर उभा राहिला. तामू खोगिरावरून घसरली आणि खांद्यावर पडली. वर धुराचे ढग, आणि पलीकडे फुटाण्यांचा आवाज.

"झाले तुझे खजूर," अल्लाल तिला उठवताना म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

पुढच्या सरावाला दारूच आली नव्हती. शहरातून दारू आणणाऱ्याची गाडी बिघडली होती. लल्ला खद्दूज म्हणाली, रिकाम्या बंदुकांनी दौडा, रांग तरी बसू दे. बाया दौडल्या. दारू नाही, वास नाही, बार नाही. आणि मसऊद त्याच जागी, त्याच क्षणाला उभा राहिला. या वेळी तामू पडली नाही. ती त्याच्या मानेला बिलगून राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आता दोष द्यायला बारसुद्धा उरला नाही.

नजात कुंपणापाशी उभी होती. तिने लल्ला खद्दूजला विचारलं, "आरोळीला तर घाबरत नसेल?" लल्ला खद्दूजने मसऊदच्या कानाशी आरोळी दिली. तो शेपटीने माश्या हाकलत राहिला. मग लल्ला खद्दूज तामूकडे वळली.

"उतर."

"काय?"

"उतर म्हटलं. माझी घोडी धर."

तिने कुणाकडून तरी उरलीसुरली दारू मिळवली, एक बंदूक ठासली, आणि अंगरखा सावरत मसऊदवर मांड ठोकली. मैदानाच्या सुरुवातीपासून त्याला सोडलं. तामू परक्या घोडीचा लगाम धरून बघत होती. मसऊद वाऱ्यासारखा आला, लल्ला खद्दूज रिकिबीत उभी राहिली, धाडकन बार झाला, आणि घोडा चार ढांगांत थांबून, मान वळवून, स्वाराच्या गुडघ्यापाशी खजूर शोधायला लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लल्ला खद्दूज उतरली आणि लगाम तामूच्या हातात देत म्हणाली, "घोडा बरा झालाय."

तामू घोडा हाताशी धरून, पायी घरी आली. नजात वाटभर मागून चालत होती, घोड्यापासून बरंच अंतर ठेवून. घरी पोचल्यावर तामूने मसऊदला पाणी दाखवलं, खरारा केला, आणि तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली. नजातने गडगा ओलांडला नाही, पण गेलीही नाही.

"दूध केंद्रावर कॅनची झाकणं असतात ना," तामू अखेर म्हणाली, "ती मी स्वतः उचलते. कुणाला हात लावू देत नाही. लोकांना वाटतं मी टापटिपीची. झाकण पडल्याचा आवाज मला सोसत नाही म्हणून उचलते. बाप दार आपटतो, मी चूल सोडून बाहेर जाते. सफियाची बोटं मी बघितली, नजात. मातीत पडलेली. मला वाटलं हे कुणाला दिसत नाही."

"मला नाही दिसलं," नजात म्हणाली. "आणि हे माझं रोजचं काम आहे. बाराच्या वेळी काय होतं तुला?"

"काही नाही. श्वास अडकतो. आणि..." तिने मांडीवर हात ठेवला, जणू तिथेच काही सापडणार होतं. मग ती उठली, मसऊदवर खोगीर न घालताच चढली. मसऊद पेंगत उभा होता. तामूने डोळे मिटले, समोर मैदानाचं टोक आहे असं मनात आणलं, हात वर उचलला, आणि तिचे गुडघे आपसूक आवळले गेले. तिच्या खाली घोड्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं. कान मागे पडले. पुढचे पाय उचलायला आले होते, तेवढ्यात तिने गुडघे सैल सोडले आणि त्याच्या मानेवर हात फिरवला.

"जत्रेत बंदूक फुटली तेव्हा मी अशीच आवळली असणार," ती म्हणाली. "आणि त्यानंतर दर वेळी. मी आवळते आणि मग बार होतो."

"म्हणजे त्याला आता बाराचं भय नाही," नजात म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांचं आहे. ते गुडघे बाराची वर्दी देतात. इतके दिवस आपण त्याला जमिनीवर उभा करून खजूर चारत होतो. त्यात गुडघे कुठे होते?"

हे ऐकून तामूला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. "म्हणजे माझ्या गुडघ्यांनाही खजूर घालायचे?"

"हो. आणि तुलासुद्धा."

विद्यापीठाला सुट्टी लागल्याने नजात आता रोज गावातच होती, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली सोपी होती. तामू मसऊदवर बसायची, बंदूक नाही, बार नाही. नुसते गुडघे आवळायचे, सोडायचे, आणि वाकून खजूर द्यायचा. गुडघे आवळले म्हणजे काहीही वाईट होत नाही, हे त्याला कळेपर्यंत. चालताना, मग दुडक्या चालीवर, मग दौडीत. पहिले काही दिवस तो ताणला जायचा, पण बार येतच नव्हता, आणि येतच नसलेल्या गोष्टीसाठी किती दिवस ताणून राहायचं? हळूहळू गुडघे आवळले की तो चाल कमी करून मान वळवायला लागला. नजात म्हणाली, बघ, त्याने अर्थ बदलला.

दुसरी गोष्ट अवघड होती. तामू गडग्यापलीकडे नजातच्या अंगणात चटईवर बसायची, नजात समोर. तामूला घोड्याइतका खजूर प्रिय नव्हता. तिला तव्यावरची गरम, पदर सुटलेली रगाइफ पोळी, मध लावून, लागायची. नजातची आई ती करून द्यायची. अल्लाल कालव्याच्या बांधावर. पुफ्फ् झालं की नजात रगाइफचा तुकडा आणि पुदिन्याचा चहा पुढे करायची.

"मला घोडी केलंस," तामू तोंड भरून म्हणायची.

"घोडी गप्प खाते."

अल्लाल लांबून ओरडायचा, "आणि जो माणूस उन्हात उभा राहून बार काढतो, त्याच्यासाठी तुझ्या शास्त्रात काही आहे का?" मग त्याच्यासाठीही वाटीभर मध आणि दोन रगाइफ बाजूला ठेवल्या जाऊ लागल्या.

पण माणूस घोड्यासारखा सरळ नसतो. अल्लाल एक सरी अलीकडे आला की तामूला ठाऊक असायचं, आणि ठाऊक असलं की ती बाराच्या आधीच श्वास रोखून बसायची. काही दिवस बरे जायचे, मग एखाद्या दिवशी पहिल्याच बाराला चहा सांडायचा. नजातला याचं आश्चर्य वाटत नव्हतं. "शिकलेलं पुसलं जात नाही," ती म्हणायची. "त्याच्यावर नवं लिहिलं जातं, एवढंच. जुनं अधूनमधून वर येणार."

उपाय सापडला तो घोड्याच्या पाठीवर. एका संध्याकाळी तामू मसऊदला संथ चालवत होती आणि मावसबहिणीच्या लग्नात बायांनी म्हटलेलं एक गाणं गुणगुणत होती. अल्लालने, ती तयार आहे असं समजून, बार काढला. तामू गात राहिली. कडव्याच्या शेवटाला पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की मघाशी बार झाला.

"नजात," तिने हाक मारली, "गाताना श्वास रोखता येत नाही."

नजातने थोडा विचार केला. "येत नाही," ती म्हणाली. "आणि श्वास रोखला नाही तर गुडघेही आवळत नसावेत. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

"तू कधी गातेस कुठे?"

त्या दिवसापासून ती गातच दौडायची. आवाज काही गोड नव्हता. अल्लाल म्हणायचा, बाराचं भय घालवायला हे गाणं पुरे, बारापेक्षा वाईट आहे. एकदा खरारा करताना तो तिच्याजवळ आला आणि घोड्याकडेच बघत बोलला, "मी पंचवीस वर्षं दौडलो. दर बाराला डोळे मिटायचो. घोड्याला डोळे मिटलेले कळत नाहीत, म्हणून माझं निभावलं." एवढं बोलून तो बादली उचलून निघून गेला.

जत्रेच्या आधीच्या शेवटच्या दोन सरावांत मसऊद एकदाही उभा राहिला नाही. लल्ला खद्दूजने तामूला रांगेत घेतलं, पण अगदी उजव्या टोकाला. "इथे बिघडला तर एकच बाजू फुटेल," ती म्हणाली. तामूला हे रास्त वाटलं.

जत्रा भरली ती पीराच्या दर्ग्याजवळच्या माळावर. मागल्या वर्षानंतर मसऊदने तंबूंच्या इतक्या ओळी बघितल्या नव्हत्या. सरावाहून मैदान वेगळं, माती वेगळी, वाऱ्याला भाजलेल्या मांसाचा आणि दारूचा वास, आणि एका तुकडीचा धूर विरायच्या आत दुसरीचा बार. नजातने आधीच बजावलं होतं, की जागा बदलली की जुनी भीती डोकं वर काढते, तेव्हा नवल वाटून घेऊ नकोस. तरी पहिल्या फेरीत मसऊद टोकाला जाऊन अर्धवट उभा राहिला तेव्हा तामूला वाटलं, सगळं वाया गेलं. गाणं ती सुरूच करायला विसरली होती. तिचा बार बाकीच्यांनंतर, एकटाच, माळभर घुमला. लोक हसले.

परतताना ती लल्ला खद्दूजजवळ घोडा नेऊन म्हणाली, "मी थांबते. तुम्ही दौडा."

"थांबायचं नाही. टोकाची जागा रिकामी दिसते. पुढच्या फेरीत बंदूक भरू नकोस, नुसती उचल."

"एक बार कमी पडेल."

"कमी पडलेला कुणाला ऐकू येत नाही. उशिरा आलेला सगळ्या जत्रेला ऐकू येतो."

दुसऱ्या फेरीला रांग सुटली आणि तामूने पहिल्या ढांगेपासून गायला सुरुवात केली. टापांच्या आवाजात ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं, पण घसा चालत होता. टोक आलं. रिकिबीत उभी राहिली. गुडघे आवळले गेले, थोडेसे, नेहमीपेक्षा कमी. मसऊदचा एक कान मागे आला, तिच्याकडे. चाल मंदावली नाही. शेजारच्या बंदुका एकदम कडाडल्या, धुराने दोघांना गिळलं, आणि धुरातून तो सरळ, चारही पायांवर, बाहेर आला.

तिसऱ्या फेरीआधी लल्ला खद्दूजने तिच्याकडे नुसतं बघितलं. तामूने बंदूक ठासली, एकदाच, आणि गज फिरवून पुन्हा खात्री केली. दौडताना तिने गाण्याचं तेच कडवं दोनदा म्हटलं, कारण पुढचं आठवेना. आरोळी आली, चाप ओढला. बार झाला तेव्हा ती कडव्याच्या मध्येच होती.

तिला तो एक बार वाटला. माळावरून लोकांचा जो आवाज उठला त्यावरून बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं. अल्लाल मात्र नंतर म्हणाला, बाराला उजवीकडे बारीकशी शेपटी राहिली होती, पण त्याच्या काळात त्याहून लांब शेपट्यांना बक्षिसं मिळाली आहेत. त्या वर्षीचं बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. लल्ला खद्दूजने तामूच्या खांद्यावर, त्या दुखऱ्या खांद्यावरच, थाप मारली. तंबूत चहा ओतताना तिचा पेला आधी भरला.

नजातने लांबून विचारलं, "पुन्हा उभा राहील का गं तो?"

"त्याचं काय, माझ्या गुडघ्यांचं विचार," तामू म्हणाली. "राहील कधीतरी. मग पुन्हा खजूर."

पाणी दाखवायच्या आधी घोडा थंड व्हायला हवा, म्हणून ती त्याला माळाच्या कडेने फिरवायला घेऊन गेली. उन्हं उतरली होती. पाठीमागे मैदानावर शेवटची तुकडी दौडली आणि बार झाला, मोठा, एकसंध. मसऊदने कान वळवले, तिच्या खिशाकडे बघितलं. तामूचे खांदे जरासे उचलले गेले आणि खाली आले. तिने त्याला खजूर दिला, तो चावून होईपर्यंत उभी राहिली, आणि दोघंही पुढे चालू लागली.